गाठी न पाहता दिलेले सल्ले

सोयाबीन फुलावर येण्याआधी एकरी एक बॅग युरिया टाका, असा सल्ला मी कित्येक शेतकऱ्यांना दिला आहे. त्यातले बरेचसे लातूर जिल्ह्यातले, माझ्या माहेरच्या आणि सासरच्या शिवारातले. मी कृषी पदवीधर, वर मृदा सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली, त्यामुळे माझा शब्द कोणी खाली पडू दिला नाही. तो सल्ला चुकीचा होता. त्याच्या आधी प्रयोगशाळेत माझ्या हातून एक चूक झाली होती आणि नंतर उलट्या टोकाला जाऊन आणखी काही झाल्या. सगळ्यांचा विषय एकच: शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठी आणि जमिनीतलं नायट्रेट. दर खरिपात पाऊस लागून राहिला आणि सोयाबीन पिवळं पडलं की तोच सल्ला आजही दुकानांतून आणि मोबाइलवरून फिरू लागतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

प्रयोगशाळेपासून सुरुवात करते. प्रबंधासाठी मी हरभऱ्याच्या गाठींतले जिवाणू गोळा केले होते. कोरडवाहू रानांतून हरभऱ्याची झाडं मुळांसकट खणून आणायची, गाठी सोडवून बाहेरून निर्जंतुक करायच्या, त्या ठेचून मॅनिटॉलच्या अगरवर जिवाणू वाढवायचे आणि मग निर्जंतुक वाळूच्या कुंड्यांत हरभरा लावून कोणता जिवाणू किती नत्र बांधतो ते पाहायचं, असं ते काम. वाळूत अन्न नसतं, ते द्रावणातून द्यावं लागतं. आमच्याकडे होगलंड द्रावण कायम तयार असायचं, बाकीच्या पिकांचे प्रयोग त्याच्यावरच चालत. मीही तेच उचललं. पूर्ण तीव्रतेच्या होगलंड द्रावणात लिटरला सुमारे १५ मिलिमोल नायट्रेट असतं. गाठींच्या प्रयोगाला नत्र वगळलेलं द्रावण लागतं, हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं. बाटली हातात घेताना मात्र ते आठवलं नाही.

सगळ्या कुंड्यांतला हरभरा सारखाच हिरवागार आला. मुळं धुतली तर गाठी मोजक्या, मोहरीएवढ्या आणि फिकट. मी निष्कर्ष लिहिला की गोळा केलेले जिवाणू अकार्यक्षम आहेत. या निष्कर्षाला खोटं पाडणारा पुरावा माझ्यासमोरच उभा होता: ज्या कुंड्यांत एकही जिवाणू सोडला नव्हता, त्याही तितक्याच हिरव्या होत्या. वाळूत नत्र नाही, जिवाणू नाहीत, मग ही झाडं जगतात कशावर? तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमका हाच प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं, दाण्यातल्या साठ्यावर. दाण्यातला साठा रोपाला सुरुवातीचे थोडे आठवडे पुरतो. फुलापर्यंत पुरत नाही. परीक्षकांनी पुढे ताणलं नाही आणि मीही पुन्हा विचार केला नाही. फ्रिजमध्ये जागा हवी होती म्हणून जिवाणूंच्या नळ्या फेकून दिल्या. ज्या रानांतून त्या गाठी आणल्या होत्या, त्यांतल्या काही रानांत आता ऊस उभा आहे. ते जिवाणू माझ्या हातून गेले ते गेलेच.

जे मला दिसलं नाही ते १८८६ साली जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांना दिसलं होतं. बर्नबर्गच्या केंद्रात त्यांनी वाळूच्या कुंड्यांत एकीकडे ओट आणि बार्ली, दुसरीकडे वाटाणा लावला आणि नायट्रेट कमी-जास्त दिलं. ओट-बार्लीची वाढ नायट्रेटच्या मापात होत गेली. वाटाण्याचं तसं नव्हतं. नायट्रेट नसलेल्या निर्जंतुक वाळूत तो उपाशी राहिला, पण त्याच वाळूत शेतातल्या मातीचं थोडं पाणी घातलं की गाठी आल्या आणि झाड तरारलं. दोनच वर्षांनी हॉलंडमध्ये बायेरिंकने गाठींतला जिवाणू वेगळा करून दाखवला. हेलरीगेल आणि विल्फार्थ यांच्या प्रयोगाचा सगळा जोर नत्र नसलेल्या वाळूवर होता. माझ्या प्रयोगात मी ती अटच काढून टाकली आणि दोष जिवाणूंवर ठेवला.

पुढे नोकरी सल्ल्याची लागली. जुलैचा उत्तरार्ध, चार-सहा दिवस झड लागलेली, काळ्या रानात पाणी तुंबलेलं आणि फोनवर पिवळ्या सोयाबीनचे फोटो. शेतकरी घाबरलेला असतो. त्याला काहीतरी करायचं असतं आणि ते आजच करायचं असतं. मी म्हणायचे, नत्र कमी पडलंय, वाफसा आला की युरिया टाका. हा सल्ला देताना मी दोन गोष्टी पाहायला हव्या होत्या. पिवळेपणा कोणत्या पानांवर आहे, हे पहिलं. नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानांतून ते काढून शेंड्याकडे नेतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात. आमच्याकडच्या चुनखडीच्या रानांत पाणी तुंबलं की शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता असते. माझ्याकडे आलेल्या बहुतेक फोटोंत शेंडेच पिवळे होते. दुसरी गोष्ट मुळाची, पण मूळ फोटोत नसतं आणि मी ते मागवलंही नाही.

याहून वाईट असं की लोहाच्या पिवळेपणावर युरिया हा उपाय तर नाहीच, तो दुखणं वाढवतो. युरियाचं जमिनीत आधी अमोनियम होतं आणि उबदार, ओलसर, हवा खेळत्या मातीत जिवाणू आठवड्या-दोन आठवड्यांत त्याचं नायट्रेट करतात. मूळ नायट्रेट आत घेतं तेव्हा बदल्यात बायकार्बोनेट बाहेर सोडतं, मुळाभोवतीचा सामू वाढतो आणि आधीच विरघळायला नाखूश असलेलं लोह आणखी अडकतं. जमिनीत नायट्रेट जास्त असलं की सोयाबीनमधला लोहाचा पिवळेपणा वाढतो, हे अमेरिकेतल्या चुनखडीच्या सोयाबीन पट्ट्यातही दिसून आलं आहे.

मग इतकी वर्षं माझा सल्ला चुकीचा आहे हे कळलं कसं नाही? कारण सल्ल्यानंतर पीक सावरायचं. पाऊस उघडायचा, वाफसा यायचा, मुळांना हवा मिळायची, नवी पानं हिरवी निघायची. ते युरियाशिवायही झालं असतं. श्रेय मात्र युरियाला जायचं आणि त्याच्यामागोमाग मला. वर पीक काळोखी धरायचं, गुडघ्याच्या वर जायचं, बांधावरून जाणारा माणूस थांबून बघायचा. खतांच्या यादीत युरियाइतकं स्वस्त काही नाही. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, तेव्हा टाकून बघायला कोणाचा हात अडत नाही. मळणीनंतर उतारा कमी निघाला की कारण पावसात शोधलं जायचं, अळीत शोधलं जायचं. मीही तिथेच शोधायचे.

माझे चुलतसासरे, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, त्यांनी एका खरिपात माझ्या सल्ल्याप्रमाणे युरिया आणला. तुटवडा होता, दुकानात पुरत्या गोण्या मिळाल्या नाहीत आणि निम्मं रान तसंच राहिलं. शेंगा भरण्याच्या वेळी त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, “सूनबाई, युरिया पडला तिकडं काळोखी हाय, अन् शेंगा हिकडं हायत. हे कसं ते तूच सांग.” युरिया पडलेलं पीक उंच, माजलेलं, काही ठिकाणी लोळलेलं. दुसऱ्या बाजूला पीक बुटकं, रंगाने थोडं उजळ आणि शेंगांनी लगडलेलं. एका रानावरून मी कोणताही आकडा सांगणार नाही. तो प्रयोग नव्हता. पण त्या दिवशी आम्ही कुदळीने दोन्हीकडची झाडं उकरली, बादलीत मुळं भिजवून माती सोडवली आणि गाठी नखाने फोडल्या. युरिया न पडलेल्या झाडाच्या गाठी वाटाण्यासारख्या टणक आणि आतून गर्द गुलाबी. युरिया पडलेल्या झाडाच्या गाठी बारीक, काही आतून पांढुरक्या, काही हिरवट-करड्या आणि दाबल्या की लिबलिबीत. प्रबंधाच्या कुंड्यांतल्या त्या मोहरीएवढ्या फिकट गाठी मला तिथे, तात्यांच्या बादलीत, पुन्हा दिसल्या. हरभरा आणि सोयाबीन वेगळी पिकं, त्यांचे जिवाणूही वेगळे, तरी गाठींची अवस्था तीच होती.

त्या गुलाबी रंगाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यात आहे. हवेतला नत्र फोडणारं नायट्रोजिनेज हे विकर प्राणवायू लागला की निकामी होतं. पण ते चालवायला लागणारी ऊर्जा जिवाणूला श्वसनातूनच मिळते आणि श्वसनाला प्राणवायू लागतो. ही अडचण झाड सोडवतं. ते गाठीत लेगहिमोग्लोबिन तयार करतं, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या कुळातलं. ते प्राणवायूला धरून ठेवतं आणि जिवाणूला लागेल तेवढाच, अत्यंत थोडा, पण सतत पोहोचवतं. गाठीच्या बाहेरच्या सालीतून किती हवा आत जाऊ द्यायची, यावरही झाडाचा ताबा असतो. शिवाय पानांत तयार झालेली साखर मुळात उतरते, गाठीत तिचं मॅलेट होतं आणि ते जिवाणूला खाऊ घातलं जातं. नत्राचा एक रेणू फोडायला एटीपीचे किमान १६ रेणू खर्ची पडतात. फुकट काहीच नाही. हवेतला नत्र झाडाला साखरेच्या भावाने विकत घ्यावा लागतो.

आता याच झाडाच्या मुळाशी तयार नायट्रेट येऊन पडलं तर ते गाठी कशाला पोसेल? घरात भाकरी आयती येत असेल तर चूल कोण पेटवतं? नायट्रेट असलं की मूळकेसातून जिवाणूचा शिरकावच कमी होतो, म्हणून गाठी थोड्या लागतात. लागलेल्या गाठींची वाढ थांबते. सालीतून आत जाणारा प्राणवायू कमी केला जातो आणि जिवाणू गुदमरतो. साखर गाठींकडून वळून मुळांकडे जाते. लेगहिमोग्लोबिन मोडायला लागतं, गुलाबी गाठ हिरवी-करडी होते आणि शेवटी कुजते. जपानमधल्या निईगाता विद्यापीठातल्या ओह्यामा यांच्या गटाने सोयाबीनवर हे बारकाईने पाहिलं. लिटरला ५ मिलिमोल नायट्रेट दिलं की गाठींची वाढ दिवसभरात थांबली आणि नायट्रेट काढून घेतलं की ती पुन्हा सुरू झाली. थोड्या काळापुरतं नायट्रेट आलं तर गाठ वाट पाहते. मुक्काम लांबला तर ती संपते.

हा आकडा वाचल्यावर मी माझ्या सल्ल्याचा हिशेब मांडला. ४५ किलो युरियात ४६ टक्क्यांनी २०.७ किलो नत्र असतं. एकरी एक गोणी म्हणजे हेक्टरी ५१ किलो. वरच्या १५ सेंटिमीटर मातीत ते सगळं नायट्रेट होऊन राहिलं आणि माती चांगली ओलावलेली आहे असं धरलं, तर मातीतल्या पाण्यात ५ ते ६ मिलिमोलच्या घरात नायट्रेट होतं. शेतात थोडं वाहून जातं, थोडं उडून जातं, पण निईगाताच्या कुंडीत ज्या मापाने गाठी थांबल्या, जवळपास त्याच मापाचं नायट्रेट मी लोकांच्या रानात ओतायला सांगत होते. तेही गाठी कामाला लागण्याच्या ऐन वेळी. दुसऱ्या बाजूचा हिशेब आणखी बोलका आहे. सोयाबीनच्या एका क्विंटल दाण्यात जवळपास ६ किलो नत्र असतं. एकरी १० क्विंटल उतारा हवा तर नुसत्या दाण्यांत ६० किलो नत्र जायला हवं, पाला आणि मुळं वेगळी. गोणीतले २०.७ किलो, तेही पूर्ण हाती न लागणारे, मिळवण्यासाठी मी त्याच्यापेक्षा मोठा पुरवठा बंद करत होते. जगभरच्या सोयाबीन प्रयोगांचा २००८ साली जो एकत्रित आढावा निघाला, त्यात पिकातला सरासरी ५० ते ६० टक्के नत्र गाठींतून आलेला दिसतो आणि खतातून दिलेला नत्र वाढला की हा वाटा उतरत जातो.

इथे मी सुधारले असते तर बरं झालं असतं. पण चूक कळल्यावर मी ती भरून काढण्याच्या घाईत सभांतून सांगू लागले की युरियाने गाठींतले जिवाणू मरतात. हे वाक्य शेतकऱ्यांच्या चटकन लक्षात राहायचं, म्हणून मला आवडायचं. ते खरं नाही. सोयाबीनचा जिवाणू नायट्रेटवर मरत नाही. उलट त्याचे कित्येक प्रकार प्राणवायू कमी पडला तर नायट्रेटवरच श्वसन करतात. नायट्रेटपासून गाठीत नायट्राइट तयार होतं आणि ते नायट्रोजिनेजला बाधतं, असा एक जुना तर्क होता आणि मी तो सिद्ध झालेला असल्यासारखा मांडत असे. पण नायट्रेटचं नायट्राइट करूच न शकणारे जिवाणू वापरून प्रयोग झाले, तेव्हाही गाठी तशाच थांबल्या. म्हणजे थांबवणारा दुसराच कोणीतरी आहे.

तो कोण, याचं उत्तर १९८५ मध्ये कॅनबेरात स्पष्ट झालं होतं आणि ते मी वाचायला हवं होतं. कॅरोल आणि ग्रेशॉफ यांनी ब्रॅग नावाच्या सोयाबीन वाणाच्या बियाण्यावर रासायनिक प्रक्रिया करून बदललेली झाडं शोधली. त्यांतल्या काही झाडांना नायट्रेट दिलं तरी गाठी लागतच राहिल्या, आणि त्याही मूळ वाणाच्या कित्येक पट. जिवाणू तोच, नायट्रेट तेच. बदललं होतं ते झाड. २००३ मध्ये त्यामागचं जनुक सापडलं. मुळांत गाठी लागू लागल्या की मुळांकडून पानांना छोट्या प्रथिन-तुकड्यांचा निरोप जातो, पानांतला ग्राहक तो वाचतो आणि खाली कळवतो की आता पुरे. नायट्रेटही हेच यंत्र वापरून गाठी आवरतं. निर्णय झाडाचा असतो. आणि तो निर्णय झाडाच्या हिताचाही असतो, कारण ज्यांना हा लगाम नव्हता त्या झाडांवर गाठी भरमसाट आल्या, पण त्यांना पोसताना मुळांची वाढ मागे पडली.

‘जिवाणू मरतात’ या माझ्या वाक्याने प्रत्यक्ष नुकसान केलं ते असं. माझी एक वर्गमैत्रीण माहेरचं रान कसते. हलकं, मुरमाड रान, तिथे तोवर कधी सोयाबीन झालेलं नव्हतं. तिने विचारलं, “अगं, पेरताना डीएपी देऊ का?” मी ठणकावून सांगितलं, नत्राचा दाणाही देऊ नकोस, नुसतं सुपर दे, नत्र गाठी देतील. पण गाठी कामाला लागायला पेरणीपासून तीन-चार आठवडे जातात. तोवर रोपाला दाण्यातला साठा आणि जमिनीतलं थोडंफार नत्र यांवरच काढावं लागतं, आणि मुरमाड रानात ते नसतंच. म्हणूनच सोयाबीनला पेरणीसोबत हेक्टरी ३० किलोच्या आसपास नत्र देण्याची परभणी विद्यापीठाची शिफारस आहे. एवढ्याने गाठींचं फारसं बिघडत नाही आणि रोप अडत नाही.

त्याहून मोठी गोष्ट मी तिला विचारलीच नाही: बियाण्याला जिवाणू संवर्धक कसं लावलं? सोयाबीनचा जिवाणू आपल्या जमिनींत मुळात नसतो. जिथे सोयाबीन आधी झालं आहे तिथेच तो मुरलेला असतो. नव्या रानात तो बियाण्यासोबतच जायला हवा. तिने बुरशीनाशक आणि संवर्धक एकाच वेळी कालवून लावलं होतं आणि बियाणं उन्हात वाळवलं होतं. बुरशीनाशक आधी, ते वाळल्यावर शेवटी संवर्धक, सावलीत सुकवून लगेच पेरणी, हा क्रम तिला माझ्याकडून कळायला हवा होता. महिन्याभराने तिचा फोन आला की खालची पानं पिवळी पडताहेत. यावेळी ती खरोखर नत्राची उपासमार होती. मी म्हणाले, थांब, गाठी येतील. गाठी येणार कुठून? ज्या रानात गाठी नाहीत तिथे युरिया हाच त्या हंगामापुरता योग्य उपाय होता आणि तो मी अडवून धरला. पीक खुरटलेलंच राहिलं. ती मला काही बोलली नाही. पुढच्या वर्षीपासून तिने खताबद्दल मला विचारणं सोडलं.

रब्बीतली चूक वेगळ्या वाटेने आली. आमच्या हरभऱ्याला मी पेरणीनंतर वरून कसलंच नत्र दिलं नव्हतं, तरी तो माजायचा, घाटे कमी लागायचे आणि गाठी फिकट निघायच्या. मी वाण बदलला, संवर्धकाचं पाकीट बदललं. पाण्याकडे लक्ष गेलं ते घरात तान्हं मूल आलं आणि पिण्यासाठी बोअरचं पाणी तपासून घेतलं तेव्हा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. आमचं पाणी तिच्या दुपटीच्या जवळ निघालं. बोअर उसाच्या फडांच्या आणि गोठ्यांच्या खालच्या अंगाला आहे. हिशेब सोपा होता. लिटरला ९० मिलिग्रॅम नायट्रेट असलेलं ५० मिलिमीटर पाणी एक हेक्टरला दिलं, तर पाच लाख लिटर पाण्यातून ४५ किलो नायट्रेट, म्हणजे १० किलो नत्र जमिनीत जातं. दोन पाण्यांत २० किलो. हरभऱ्याची पेरणीची शिफारसच हेक्टरी २५ किलोची आहे. मी खताच्या गोण्या मोजत होते आणि पाइपातून येणारं खत माझ्या हिशेबात नव्हतं. महाराष्ट्रातल्या कित्येक जिल्ह्यांत भूजलातलं नायट्रेट मर्यादेबाहेर गेलेलं आहे, तेव्हा ही गोष्ट आमच्या एका बोअरची नाही. कांदा किंवा ऊस निघालेल्या, भरपूर खत खाल्लेल्या रानात हरभरा घेतला तरी हेच होतं. आधीच्या पिकाचं उरलेलं नायट्रेट गाठींना भोवतं.

अलीकडे मोहाचा एक प्रसंग आला, तो सांगते. २०२४ साली डेन्मार्कमधल्या आऱ्हूस विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की नायट्रेट वाढलं की गाठीतलं जस्त कमी होतं आणि त्यामुळे गाठ मोडायला लावणारं एक नियंत्रक प्रथिन मोकळं होतं. जस्त भरपूर असताना ते प्रथिन लांब दोऱ्यांत गुंफलेलं, निष्क्रिय असतं. प्रयोग लोटस जापोनिकसवर झाला. नावात लोटस असलं तरी ते कमळ नव्हे, शेंगवर्गातली छोटी वनस्पती आहे. हे वाचून माझ्या मनात पहिला विचार आला तो झिंक सल्फेटचा. आमच्या जमिनींत जस्ताची कमतरता सर्रास आहे, फवारणी स्वस्त आहे, आणि ‘जस्ताने गाठी टिकतात’ हे वाक्य सभेत छान चाललं असतं. मी ते बोलले नाही. गाठीच्या पेशीत जस्ताची पातळी बदलणं आणि शेतात जस्त फवारणं यांत मोठं अंतर आहे. माती परीक्षणात जस्त कमी निघालं तर ते द्यावंच, पण युरिया टाकून वर जस्त फवारलं की गाठी वाचतील, असा अर्थ त्या शोधातून निघत नाही.

उपयोगी पडेल असं काम मला निईगाताच्याच गटाचं वाटतं. त्यांनी हळूहळू सुटणारं नत्र, म्हणजे आवरण दिलेला युरिया किंवा लाइम नायट्रोजन, बियाण्याच्या खाली २० सेंटिमीटर खोल ठेवलं. गाठी वरच्या थरात असतात, त्यांना नायट्रेट लागलं नाही. खोल गेलेल्या मुळांना शेंगा भरण्याच्या वेळी नत्र मिळालं, आणि उत्पादन वाढलं. झाड मुळांच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळं वागू शकतं, हे यातून दिसतं. आपल्या तिफणीने किंवा ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने इतकं खोल खत देणं आज सहज जमणारं नाही. पण फेकून दिलेला युरिया नेमका गाठींच्याच थरात मुरतो, हे तरी यावरून प्रत्येकाने ध्यानात घ्यावं.

तात्यांकडे आता शेंगवर्गीय पिकाला वरून युरिया पडत नाही. मुगाच्या बेवडावरची ज्वारी चांगली येते हे त्यांना माझ्या जन्माआधीपासून माहीत होतं. सोयाबीनबद्दल मात्र त्यांनी माझ्या पदवीवर विश्वास ठेवला होता.

वाचणाऱ्यांना माझी एक विनंती आहे, आणि माझ्यासारखं सल्ल्याचं काम करणाऱ्यांना तर आग्रह आहे. सोयाबीन पस्तीस-चाळीस दिवसांचं झालं की वाफशावर रानात जा. वेगवेगळ्या ठिकाणची पाच-सहा झाडं कुदळीने किंवा खुरप्याने मातीच्या ढेकळासकट काढा. झाड हाताने उपटू नका, उपटलं की गाठी जमिनीतच तुटून राहतात आणि मूळ रिकामं दिसतं. बादलीत माती सोडवा. गाठी नुसत्या मोजू नका, नखाने किंवा ब्लेडने फोडून आतला रंग बघा. बहुतेक गाठी आतून गुलाबी असतील तर वरून नत्राचा एक रुपयाही खर्च करू नका, शेंडा पिवळा असला तरीही. तिथे काम आहे ते पाणी काढून देण्याचं आणि लोहाकडे बघण्याचं. गाठी नसतील किंवा पांढऱ्या-हिरव्या असतील तर बीजप्रक्रिया कशी झाली, पाणी तुंबलं होतं का, आधीचं पीक कोणतं होतं, बोअरच्या पाण्यात काय आहे, हे विचारा आणि मग युरियाचा निर्णय घ्या. फोनवर फोटो पाठवत असाल तर पानाच्या फोटोसोबत धुतलेल्या मुळाचा आणि फोडलेल्या गाठीचा फोटो पाठवा. तो न बघता कोणी युरिया सांगितला, तर तो सल्ला घेऊ नका.